मालवणच्या पाण्याखाली

समुद्र पाहायला गेलेली आपली मंडळी बहुधा घोटाभर पाण्यात उभी राहून परततात. दोष त्यांचा नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची बंदी होती, त्यांच्या घरात पोहणे शिकवणार कोण? पाण्याची भीती अशीच पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. ती थोडी कमी व्हावी, म्हणून आम्ही तीन घरची अकरा माणसे जानेवारीत मालवणला गेलो.

कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचे आणि एस. टी.ने सुमारे ३० किलोमीटरवर मालवण. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याचा पाया घातला, तो सिंधुदुर्ग किल्ला समोर पाण्यातच उभा आहे. किल्ल्याचे बेट आणि भोवतालचे खडक बाहेरची लाट अडवतात. त्यामुळे आतले पाणी पुष्कळदा शांत असते. या आडोशालाच स्नॉर्कलिंग चालते.

स्नॉर्कलिंग म्हणजे डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा घालायचा, तोंडात श्वासाची नळी धरायची आणि पाण्यावर पालथे तरंगायचे. नळीचे टोक पाण्याबाहेर राहते. अंगात जीवरक्षक जाकीट आणि शेजारी वाटाड्या असतो, म्हणून पोहता न येणाऱ्यांनाही उतरता येते. अवघड असते ते एकच, तोंडाने सावकाश श्वास घेणे. आधी नावेच्या कडेला धरून तेवढेच करावे. आमच्या थोरल्या वहिनींनी "मी नावेतच बसते" म्हणून सांगितले होते. शेवटी पाण्यातून सर्वांत उशिरा त्याच बाहेर आल्या!

खाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आणि खडकावर पोवळी दिसतात. पोवळे दगडासारखे दिसले, तरी तो दगड नव्हे. असंख्य सूक्ष्म जीवांनी बांधलेली ती चुन्याची वस्ती आहे. त्यांच्या अंगात राहणारे शेवाळ त्यांना अन्न आणि रंग देते. पाणी फार तापले की ते शेवाळ निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. त्याची वाढ इतकी मंद असते की एका पावलाने मोडलेला तुकडा भरून यायला वर्षे लागतात. म्हणून त्यावर उभे राहू नये, हात लावू नये. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पोवळे तोडून नेणे कायद्याने गुन्हा आहे.

जाणाऱ्यांनी थोडे लक्षात ठेवावे. पावसाळ्यात हे सारे बंद असते. सकाळी लवकर जावे, तेव्हा गर्दी कमी असते. जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून पाहावेत. लहान मुलांना त्यांच्याच मापाचे जाकीट मागावे. नुसते डुंबायचे असेल, तर चिवल्याचा किनारा बरा. तेथे सागरी जलतरणाच्या स्पर्धाही भरतात. देवबागला मात्र कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथे पाण्याला ओढ असते. पोहायला उतरू नये. दारू पिऊन तर कोठेच उतरू नये.

जाकीट तरंगवते, पोहायला शिकवत नाही. तेव्हा शहरात पालिकेचा तलाव जवळ असेल, तर या सुट्टीत मुलांची नावे घाला. मुलींची आधी घाला. पाणी त्यांचेही आहे.