पिंपातली वीस मिनिटं

‘कर्जाला कंटाळून लेथवाल्याची विहिरीत उडी, ग्रामस्थांच्या प्रसंगावधानाने प्राण वाचले.’ आतल्या पानावर, उसाच्या दराच्या बातमीखाली चार ओळी. तो लेथवाला मी. त्यातलं खरं इतकंच, की मी लेथवाला आहे आणि त्या दिवशी विहिरीत होतो. उडी मारली नव्हती, यारीवर बसून रीतसर उतरलो होतो. कर्ज आहे. गावात कुणाला नाही?

मी करत काय होतो, ते सांगायला फार वेळ लागत नाही. पेला पालथा करून सरळ बादलीत दाबला की आतली हवा आतच राहते. पेल्याच्या जागी दोनशे लिटरचं पिंप घ्या, बादलीच्या जागी आमच्या मळ्यातली विहीर. पिंपात डोकं घालून बसलं की पाण्याखाली श्वास घेता येतो. धूमकेतूवाल्या हॅलीनं 1691 साली अशीच घंटा केली होती आणि तिला ताजी हवा पिंपांतून पुरवली होती. 1962 साली समुद्रसंशोधक कुस्तोची दोन माणसं मार्सेलजवळ दहा मीटर पाण्याखाली आठवडाभर राहिली. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो नायजेरियाजवळ 2013 साली बुडालेल्या टगबोटीचा व्हिडिओ बघून. मृतदेह काढायला उतरलेल्या पाणबुड्याला एक हात दिसतो आणि तो हात त्याला धरतो. बोटीचा आचारी उलट्या झालेल्या बोटीत अडकलेल्या हवेवर जवळजवळ अडीच दिवस जिवंत होता. तो हात मी पन्नासदा तरी बघितला असेल.

सूर्यफुलाच्या तेलाचं एक रिकामं पिंप वर्कशॉपात पडून होतं. सोड्यानं तीनदा धुतलं तरी वास गेला नाही.

पहिल्या दिवशी वजन म्हणून चाळीस-चाळीस किलोचे दोन दगड बांधले. ऐंशी किलोला पिंप काय, म्हैस बुडेल असा माझा हिशेब. पिंप एक तृतीयांश बुडालं आणि दोन तृतीयांश वर राहून माझ्याकडं बघत बसलं. दगड एका अंगाला सरकला तशी एक मोठी ढेकर देऊन ते आडवं झालं, सगळी हवा गेली. लहानपणी मी याच विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो. तो डबा मला वर का ठेवतो, हे तेव्हा कळायला हवं होतं. दोनशे लिटर हवा बुडवायची म्हणजे दोनशे लिटर पाणी बाजूला सारायचं, आणि ते दोनशे किलो भरतं. पिंपाचं स्वतःचं वजन अठरा किलो. उरलेलं आपण आणायचं.

बरं, वजन पाण्यात उतरलं की तेही हलकं होतं, हे आणखी एक झेंगट. शंभर किलो काँक्रीट पाण्यात जेमतेम अठ्ठावन्न किलो भरतं. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘अरे, मग वाळूची पोती टाक.’’ वाळूचीही तीच गत. लोखंड परवडत नव्हतं. शेवटी पंचावन्न किलोचे सहा ठोकळे ओतले, अँगलची चौकट करून पिंपाच्या काठाखाली हातभर अंतरावर चारी बाजूंनी टांगले. वजन खाली असलं की पिंप कलत नाही, आणि चौकटीवर बसताही येतं. हे सगळं मिळून पावणेचारशे किलो जमिनीवरून विहिरीच्या तोंडाशी आणायला चार माणसं लागली. त्यांना काय करतोय हे सांगितलं नाही. तिथंच चुकलं, असं बायको म्हणते.

कंप्रेसर पंक्चरवाल्याचा आणणार होतो. तो तेलावर चालतो, त्याच्या हवेत तेलाचे कण येतात, ती फुप्फुसात घ्यायची नसते. दातांच्या दवाखान्यात विनातेलाचा वापरतात, तसला जुना एक मिळाला. यारीचं इंजिन डिझेलचं, म्हणून कंप्रेसर वाऱ्याच्या अंगाला वीस फूट लांब ठेवला. पिंपात हवा शिरते तिथं एकतर्फी व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे वरची नळी फुटली तरी आतली हवा परत जायची नाही. हे मुद्दाम सांगतोय. पुढं सगळे मला वेडा म्हणाले. वेडा माणूस एकतर्फी व्हॉल्व्ह बसवतो का?

फेब्रुवारी होता, विहिरीत पंचवीस फूट पाणी. पिंप तेरा फुटांवर थांबवलं. तिथं पाण्याच्या दाबानं दोनशे लिटरची हवा एकशे त्रेचाळीस होते, पाणी वीतभर आत चढतं. मग कंप्रेसर लावला की ते हळूहळू मागं सरतं आणि काठाखालून बुडबुडे सुटतात. आधी पाच-पाच मिनिटं दोनदा बसून आलो. काय सांगू, छातीपासून खाली गार पाणी आणि वर कोरडा चेहरा. अॅक्रिलिकच्या खिडकीतून हिरवा उजेड, विहिरीच्या दगडांवरचं शेवाळ अगदी नाकासमोर. मी ‘ए’ म्हणालो तर आवाज पत्र्याला लागून कानात परत आला. वरचे पारवे, इंजिन, चुलतभावाचं खोकणं, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. एवढा निवांतपणा मला घरात कधी मिळाला नाही.

तिसऱ्या खेपेला मी टेकतो न टेकतो तोच बुडबुडे थांबले. लाइट गेली होती. व्हॉल्व्ह होता, त्यामुळं पाणी वर चढलं नाही. ऑक्सिजनचा हिशेब मी आधीच करून ठेवला होता, तासभर सहज पुरणार. वरून दोरीला झटका आला, ‘ठीक आहे का?’ मी एक झटका दिला, ‘ठीक.’ असं तीनदा झालं. लाइट येईल म्हणून बसून राहिलो.

हिशेब बरोबर होता, पण चुकीच्या वायूचा होता. ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी आपल्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो. माझ्या खांद्या-डोक्याची जागा सोडली तर आत दीडशे लिटरच मोकळी. मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास जरी सोडला, तरी वीस मिनिटांत त्याचा दाब इतका वाढतो की कपाळ ठणकायला लागतं, धाप लागते. गंमत अशी की धाप लागली की माणूस आणखी जोरात श्वास घेतो, आणि आत येतं तेच. तीन झटके म्हणजे ‘वर घे’ असं ठरलं होतं. मी किती दिले कुणास ठाऊक. चुलतभाऊ म्हणतो, मोजता येईनात म्हणून त्यानं यारी सुरू केली.

वर येताना पिंपात दाट धुकं झालं, खिडकी दिसेना. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की होती, ती करत राहिलो: तोंड उघडं आणि श्वास सोडत राहणं. पाण्याखाली दाबातली हवा छातीत भरून, श्वास रोखून वर आलं तर ती फुगते आणि फुप्फुस फाटतं. पुरुषभर पाण्यातसुद्धा. कुणी हे वाचून पिंप शोधायला निघणारच असेल, तर एवढं तरी लक्षात ठेवा. खरं तर निघूच नका.

काठावर ओढून घेतल्यावर मी ओकलो आणि आडवा झालो. शेजारच्या रानात भांगलणाऱ्या बायांना दिसलं ते एवढंच: दोरानं वर काढलेला, ओला, निपचित पडलेला गडी. एकीनं हंबरडा फोडला.

पुढचं सगळं त्या हंबरड्यातून निघालं. संध्याकाळपर्यंत गाव दारात. मेहुणा रातोरात आला, म्हणाला, ‘‘दाजी, पैशाची अडचण होती तर सांगायचं की.’’ आईनं घरातले दोर लपवले. चौकीत जबाब लिहून घेतला, ‘यापुढे असे कृत्य करणार नाही’. कुठलं कृत्य, ते लिहा म्हटलं, पिंप लिहा. ‘‘पिंपाचं कलम नाही,’’ असं उत्तर मिळालं. पतसंस्थेचा वसुलीवाला जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात ‘‘तब्येतीला जपा’’ म्हणाला, आणि निघताना हप्त्याची तारीख सांगून गेला. आठवडाभर लेथ चालू असताना कुणी ना कुणी दारात उभं. बायको रात्री कडी लावू देईना.

मी बातमीदाराकडं पिंपाचं ड्रॉइंग घेऊन गेलो, मापासकट. त्यानं ते उलटं धरून बघितलं आणि म्हणाला, ‘‘तुम्ही जगलात ना, मग झालं.’’ खुलासा देतो म्हणाला.

आमच्याकडं अशा बातम्या खऱ्याच निघतात, म्हणून खोटीवर कुणाला शंका येत नाही. पण हे आता सुचतंय. तेव्हा मी त्या हंबरडावाल्या बाईला बांधावर गाठून झापायला गेलो होतो. ती खुरपं खाली न ठेवता म्हणाली, ‘‘आमाला काय म्हाईत दादा. गेल्या साली माझ्या धाकट्या दिराला असाच वर काढला व्हता.’’ मी तसाच परत आलो. तिच्यावर राग नव्हताच, असं मी पुढं लोकांना सांगत राहिलो. होता.

भूल देण्याच्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडा-चुना असतो. तो पिंपात जाळीवर ठेवला तर काम होईल, हे मी महिन्याभरात कागदावर मांडलं होतं. तो कागद अजून फळीवर आहे. पुतण्यानं परवा तो बघितला आणि विचारलं, ‘‘काका, मी बसू का एकदा?’’ मी म्हणालो, यापुढे असे कृत्य करायचे नाही. अगदी चौकीतल्याच भाषेत.

त्या बातमीला तीन वर्षं झाली. कात्रण माझ्याकडं आहे. खुलासा अजून छापून आलेला नाही.