आलास कोठून, जाणार कोठे?

वास्कोहून सुटलेली गाडी माजोर्ड्यास पोहोचली की तेथे कोकण रेल्वेची वाट येऊन मिळते. मडगावच्या पुढे जुना मार्ग कुळ्याकडे वळतो आणि घाट चढून कॅसलरॉक गाठतो. कोणती गाडी कोणत्या रुळावर घालावयाची हे ती कोठे जाणार यावरून ठरते. परंतु १९६१ पूर्वी पोर्तुगीज हद्दीच्या टोकाशी, कुळ्यास, प्रवाशाला दुसराही प्रश्न विचारला जाई: तू कोण, आणि आलास कोठून? या दोन प्रश्नांतील अंतर किती मोठे आहे, हे आम्हांस एका चवथीच्या तोंडावर उमगले.

बंदराच्या कामावर चालणाऱ्या वास्कोतील एका लहान कचेरीत संगणकांच्या जाळ्याची देखभाल आम्ही करीत असू. बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या तिला दोन वाटा होत्या. एक महाग पण भरवशाची, दुसरी स्वस्त पण लहरी. जाळ्याच्या मध्यभागी बसलेला स्विच पाकिटावरचा पोहोचण्याचा पत्ता तेवढा पाहतो. धाडणारा कोण, याची त्यास पर्वा नसते. त्यामुळे शिकाऊ मुलांच्या चित्रफिती आणि जहाजांचे तातडीचे कागद एकाच वाटेवर दाटी करीत. यावर एक उपाय आहे. त्यास पॉलिसी-बेस्ड राउटिंग म्हणतात. पाकीट कोणत्या खोलीतून निघाले हे पाहून त्याची वाट ठरवावी, असा नियम स्विचला घालून देता येतो. आम्ही तसेच केले. मुलांची खोली स्वस्त वाटेने, हिशेबाची खोली महाग वाटेने. सायंकाळी सर्व घरी गेल्यावर नियम लिहिले, हिशेबाच्या खोलीतून बाहेरची दोन संकेतस्थळे उघडून पाहिली, आणि समाधानाने दिवे मालवले.

दुसऱ्या दिवशी मजुरांना चवथीची आगाऊ रक्कम द्यावयाची होती. माटोळीचे सामान घेण्यासाठी ती माणसे सकाळपासून ओसरीवर बसून होती. आणि हिशेबाची वही उघडेना! वही ज्या सर्व्हरवर होती, तो शेजारच्याच खोलीत. बाहेरचे सारे जग हिशेबनिसांस दिसत होते. भिंतीपलीकडचा सर्व्हर तेवढा दिसत नव्हता.

"सर्व्हरच बिघडला असणार," असे आम्हीच प्रथम म्हणालो. तो सांभाळणारा एक तरुण कंत्राटावर होता. त्यास बोलावून घेतले. मालकांनी त्याला सर्वांसमक्ष खडसावले. तो मान खाली घालून यंत्र तपाशीत राहिला, आणि आम्ही गप्प उभे होतो.

अकराच्या सुमारास मालक आपल्या खोलीत गेले, तो तेथे वही विनासायास उघडली! त्यांच्या खोलीस आम्ही कोणताच नियम लावला नव्हता. त्या क्षणी आमच्या काळजात चर्र झाले. "हिशेबाच्या खोलीतून निघालेले सर्व काही महाग वाटेने जावे," असे आम्ही लिहिले होते; आणि यंत्राने 'सर्व' या शब्दाचा अर्थ 'सर्व' असाच घेतला होता. शेजारच्या खोलीस जावयाचे पाकीटही ते दारावरच्या राउटरकडे ढकलीत होते. सर्व्हरला बाहेर जाण्याची मुभा नसल्याने राउटरला त्या खोलीचा पत्ताच ठाऊक नव्हता. तो ते पाकीट बाहेर सोडून देई. घरगुती पत्ते बाहेरच्या जगात चालत नाहीत, म्हणून ते तेथेच नाहीसे होई.

उपाय पाच मिनिटांचा होता. असे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो प्रथम लागू पडेल तोच चालतो. म्हणून सर्वांत वर एक ओळ घातली: घरातल्या घरात जाणाऱ्यास नेहमीच्या वाटेने जाऊ द्यावे. वही तत्काळ उघडली.

नियम दुरुस्त करणे सोपे. तोंड उघडणे अवघड. वही आपोआप सुरू झाली असे म्हटले असते तरी कोणी विचारले नसते. क्षणभर तो मोह झालाही. पण तो तरुण अजून सर्व्हरपाशी घाम पुसत बसला होता. आम्ही मालकांकडे गेलो आणि म्हणालो, "चूक त्याची नव्हे, आमची आहे." ते काही वेळ बोलले नाहीत. मग उठून स्वतः त्या मुलाकडे गेले. दुपारपर्यंत ओसरी रिकामी झाली.

तेव्हापासून कोणताही नियम लिहिल्यावर आम्ही केवळ बाहेरचे दार तपाशीत नाही. घरातले प्रत्येक दार ठोठावून पाहतो. महाग वाटेची तार जोडलेली असून पुढे सारे बंद पडले, तर नियम पाकिटांना त्याच अंधारात लोटील काय, हेही पाहून ठेवतो. आणि काही बिघडले की दुसऱ्याच्या यंत्राकडे बोट दाखविण्यापूर्वी, काल सायंकाळी आपण काय लिहिले होते, ते आधी वाचतो.