साडेपाच हजारांचे जेवण आणि येसकराची भाकरी

चळवळीतल्या माणसाने काय खावे, कुठे खावे आणि किती रुपयांचे खावे, याचे नियम कोणी केले?

स्पेनमधल्या मालागा शहरात समुद्रकाठच्या एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये मी दुपारचे जेवण घेतले. त्याचा फोटो कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचला. पुढच्या अभ्यासवर्गात एका तरुण सहकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारले, "ताई, एका जेवणाला साडेपाच हजार? बाबासाहेबांनी लंडनमध्ये पावाच्या तुकड्यावर दिवस काढले." प्रश्न प्रामाणिक होता. तिथे मी दोन वाक्यांत उत्तर दिले. पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, आपल्या अनेकांच्या मनात आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हिशोब. कामाच्या प्रशिक्षणासाठी मी स्पेनला गेले होते. शेवटचे दोन दिवस वसतिगृहातल्या जुन्या मैत्रिणीकडे मालागाला राहिले. ती तिथे सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जेवण माणशी साठ युरोचे होते आणि माझा वाटा मी माझ्या पगारातून दिला. संस्थेचा किंवा वर्गणीचा एक पैसा त्यात नव्हता. पैशाचा हिशोब मागणे हा समाजाचा हक्क आहे आणि तो देणे माझे कर्तव्य आहे. आनंदाचा हिशोब मात्र कोणी कोणाकडे मागावा, यावर आपण बोलले पाहिजे.

ताटात काय होते

तापास म्हणजे छोट्या छोट्या बश्यांतून येणारे पदार्थ. स्पॅनिशमध्ये 'तापा' म्हणजे झाकण. पूर्वी दारूच्या पेल्यावर माशी बसू नये म्हणून पावाचा किंवा मांसाचा काप झाकण म्हणून ठेवत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आमच्या जेवणात असे नऊ पदार्थ एकामागून एक आले. सोबत वाईन होती. पाचव्या शीलामुळे मी ती नाकारली. वेटरने कारण न विचारता लिंबू घातलेले पाणी आणून ठेवले.

पहिले आले गार सूप, 'आखोब्लांको'. बदाम, लसूण आणि शिळा पाव वाटून केलेले, वर द्राक्षे. मग काबूलकडचा नव्हे, शेजारच्या कादिस भागातला पदार्थ आला. हरभऱ्याच्या पिठात बारीक कोळंबी घालून तळलेल्या पातळ कुरकुरीत चकत्या. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तर सुकटीची भजी!" आम्ही दोघी मराठवाड्याच्या. आमच्याकडे समुद्र येतो तो आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या वासातून. नंतर तळलेली वांगी आली, वर उसाची काकवी ओतलेली. तिकडे तिला 'उसाचा मध' म्हणतात, पण ती काकवीच. मग हरभरे घालून शिजवलेली वजडी. मग रक्ताचे सॉसेज, ज्याला ते 'मोर्सिया' म्हणतात. शेवटी मालागाच्या प्रसिद्ध मनुकांचे आइस्क्रीम.

मधेच वेताच्या काडीला ओवून विस्तवावर भाजलेल्या तारल्या आल्या. हा 'एस्पेतो', मालागाच्या कोळ्यांचे खाणे. किनाऱ्यावर आजही जुन्या होडीत वाळू भरून त्यावर लाकडे पेटवतात आणि मासे भाजतात. वेटरने गोष्ट सांगितली. 1885 मध्ये भूकंपग्रस्त भागाच्या भेटीला आलेला राजा बारावा अल्फोन्सो या तारल्या काट्या-सुरीने खाऊ लागला, तेव्हा भाजणारा मिगेल त्याला म्हणाला, महाराज, असे नाही, बोटांनी. गोष्ट किती खरी ते इतिहासकार पाहतील. मला त्यातली उलटापालट आवडली. गरिबाच्या पदार्थाने राजाला रीत शिकवली. काटा कोणत्या हातात धरायचा या धास्तीने ज्यांनी मोठ्या हॉटेलांची दारे बाहेरूनच पाहिली, त्यांना ही गोष्ट लगेच कळेल.

आम्ही अडीच तास जेवलो. समोर भूमध्य समुद्र होता. आमच्यासारख्यांना समुद्र पहिल्यांदा दिसतो तो 6 डिसेंबरला दादरला, चैत्यभूमीच्या रांगेत, दुःखाच्या दिवशी. समुद्राकडे पाहत निवांत जेवायचे असते, हे मला त्या दुपारी कळले. आणि मला फार आनंद झाला. हे वाक्य मी मुद्दाम कोणतीही सबब न जोडता लिहीत आहे.

भूक हे प्रमाणपत्र नाही

आता बाबासाहेबांच्या पावाबद्दल. लंडनला शिकताना ते सकाळी पावाचा तुकडा आणि रात्री बोव्हरिलचा कप नि पापड यांवर भागवत, हे आपण सगळे वाचत आलो आहोत. पण ते उपाशी का राहिले? उपवासात पुण्य आहे असे मानून नाही. पैसे कमी होते आणि पुस्तके हवी होती, म्हणून. हीच व्यक्ती पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधते आणि आयुष्यभर उत्तम शिवलेला सूट घालते. बाबासाहेबांनी गरिबीला कधी अलंकार मानले नाही. साधेपणाचा गौरव तेव्हा दुसऱ्या बाजूने चालला होता. ज्याच्याकडे सोडायला काही आहे, त्याने केलेल्या त्यागाची आरती होते. ज्याच्याकडून आधीच सगळे हिरावून घेतले, त्याला त्याग शिकवणे म्हणजे जुनी वंचनाच नव्या शब्दांत सांगणे.

आपल्या पूर्वजांच्या खाण्यावर किती नियम होते ते आठवा. येसकराने दारोदार फिरून भाकरी मागायची. मिळेल ती शिळी, उष्टी. ती मजुरीही नव्हती आणि भीकही नव्हती. ती वतनाच्या नावाखाली चाललेली गुलामी होती. बाबासाहेब या वतनाविरुद्ध लढले आणि 1958 च्या कायद्याने ते गेले. माझी आजी सांगायची, तिच्या सासऱ्याच्या टोपल्यात दहा घरची भाकरी यायची आणि कोणती ताजी हे निवडायची सोय नसायची. निवड नसणे, हेच त्या भाकरीचे खरे नाव. म्हणून तिची नात कुठेतरी बसून नऊ पदार्थांतला एक आवडला नाही म्हणून बाजूला सारते, तेव्हा ती उधळपट्टी करत नाही. निवड करते.

आणि हा हक्क कोणाची मेहेरबानी नाही. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, जात, लिंग यांवरून मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. मूलभूत हक्कांत हॉटेलचा उल्लेख करावा लागला, यावरून या देशात हॉटेल हे केवढे रणांगण होते ते समजते. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तिथे चहा घेऊ लागले. तो चहा म्हणजे सामाजिक कार्यक्रम होता.

कोणाची वजडी 'खाद्यसंस्कृती' होते?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बोर्द्यू वाचला होता. आवड ही व्यक्तीची खासगी गोष्ट वाटते, पण ती वर्गाने घडवलेली असते आणि वर्ग टिकवण्याचे कामही करते, असे तो दाखवतो. त्या रेस्टॉरंटमध्ये वजडी, रक्त, शिळा पाव, कोळ्याची तारली असे सगळे गरिबांचे खाणे पांढऱ्या चादरीवर आले होते. महत्त्वाचे म्हणजे ते आपले नाव आणि आपला पत्ता घेऊन आले होते. हे कोळ्यांचे, हे शेतमजुरांचे, असे वेटर अभिमानाने सांगत होता.

आपल्याकडे काय होते? वजडी, रक्ती, चान्या ही नावे घेताना आपलीच मुले कॉलेजच्या डब्याचे झाकण अर्धे लावून ठेवतात. भाड्याचे घर बघायला गेले की 'तुम्ही काय खाता?' हा प्रश्न येतो आणि तो कधीच आहाराबद्दल नसतो. मलाही शहरात एका घरमालकाने हेच विचारून खोली नाकारली. 2015 पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि स्वस्त प्रथिनांचा एक मार्ग बंद झाला. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची इतकी तपशीलवार नोंद तोवर मराठी पाककृतींच्या ढिगात नव्हती. ज्या ब्रह्मात आपले ताट नाही, ते ब्रह्म अपूर्णच.

इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. 1927 च्या महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन झाले. ते योग्यच होते. ते मांस आपण निवडले नव्हते. गावाने लादलेल्या कामाचा तो मोबदला होता आणि त्याच्यावर आपले अस्पृश्यत्व उभे केले होते. तेव्हा नाकारली ती लाचारी. आईच्या हातची चव नाकारली नव्हती. लाचारीचे गौरवीकरण नको, आणि चवीची लाजही नको.

पण टेबलावर जात संपत नाही

आता उलट बाजू. तापास मध्ये ठेवतात आणि सगळे त्याच बशीतून घेतात. उष्टे-खरकटे, विटाळ हा विचारच नाही. हे पाहून भारावून जाऊन 'युरोपात जात नाही' असे म्हणणारे आपल्यात खूप आहेत. त्यांनी त्याच मालागाचा इतिहास वाचावा. 1487 मध्ये कॅथलिक राजसत्तेने हे मुस्लीम शहर जिंकले आणि बहुतेक रहिवाशांना गुलाम केले. त्याआधीच, 1449 मध्ये, तोलेदोत 'रक्तशुद्धी'चा नियम झाला होता. ज्यू वंशाचा माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याला पदे बंद. पुढे धर्मन्यायालयाचे खबरे कोण डुकराचे मांस टाळतो, शनिवारी कोणाच्या घरी चूल पेटत नाही, यावर नजर ठेवत. म्हणजे ताटावरून माणूस ओळखायचा धंदा तिथेही होता. आपल्या समाजव्यवस्थेला पोर्तुगीजांनी जो 'कास्ता' हा शब्द लावला आणि ज्यातून इंग्रजीतला 'कास्ट' आला, तो याच भूभागातला शब्द आहे. आजही त्या जेवणातली भाजी पिकवायला आल्मेरियाच्या प्लास्टिकच्या हरितगृहांत मोरोक्को आणि पश्चिम आफ्रिकेतले स्थलांतरित मजूर राबतात. साठ युरो हीसुद्धा एक भिंतच आहे. तिथे जात विचारत नाहीत, खिसा विचारतात.

'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी 1936 सालीच बजावले आहे की सहभोजनाने जात मरत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याहून मुळाशी जायचे तर जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांचे प्रामाण्य नाकारणे. म्हणून उंची रेस्टॉरंटमध्ये बसलो म्हणजे मुक्त झालो, हा भ्रमही आपल्याला परवडणारा नाही. सोबत जेवणारा मित्र आपल्या घरात मुलगी देतो का, आरक्षणाचा विषय निघाला की त्याचा चेहरा कसा होतो, हे पाहिल्याशिवाय मधल्या बशीचे फार कौतुक करू नये.

मग करायचे काय?

तरुण मित्र-मैत्रिणींनो, दोन्ही गोष्टी एकदम धरायला शिका. आनंद घ्या, आणि आनंदाला क्रांती समजू नका. चळवळीचा पैसा काटेकोर जपा, आणि स्वतःच्या घामाच्या पैशावर अपराधी वाटून घेऊ नका. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब जितक्या जोरात मागता, तितक्याच जोरात कार्यकर्त्याच्या मानधनाबद्दलही बोला. उपाशी कार्यकर्ता ही चळवळीची शोभा नाही, ते तिचे अपयश आहे.

आणि घरातल्या ताटाकडेही पाहा. आपल्या कितीतरी घरांत आई आजही सगळ्यांच्या मागून जेवते, उरले-सुरले खाते. येसकराची भाकरी गावाने बंद केली, पण घरातल्या बाईच्या वाट्याची शिळी भाकरी आपण बंद केली का? महिन्यातून एकदा, परवडेल त्या हॉटेलात, आईला खुर्चीवर बसवा, मेनू तिच्या हातात द्या आणि तिला ठरवू द्या. वेळ लागला तर लागू द्या. विहारात महिन्याला एक सामूहिक जेवण ठेवा, त्यात आज्यांच्या पदार्थांची नावे न लाजता घ्या आणि कृती लिहून काढा. नाहीतर उद्या आपलीच वजडी पांढऱ्या चादरीवर येईल, पण तिच्यावर नाव दुसऱ्याचे असेल.

जय भीम! जय संविधान!