हलक्या बोलीचा गडी

प्रो कबड्डीच्या लिलावात सगळ्यांचे डोळे मोठ्या बोल्यांवर असतात. कोटीचा आकडा पुकारला की टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी मथळेही त्याच नावांचे. मला मात्र त्यानंतरचा लिलाव बघायला आवडतो. संघांच्या थैल्या तोवर हलक्या झालेल्या असतात. एक नाव पुकारलं जातं, क्षणभर कुणी हलत नाही, मग कुणीतरी मूळ किमतीलाच तो गडी घेऊन जातं. त्या क्षणभरात काय घडतं, याचा मी बराच विचार केला आहे. तिथे बसलेल्या जाणत्या माणसांना त्या पोराचा खेळ ठाऊक नसतो असं नाही. पण त्याच्या खेळाबद्दल त्यांची खात्री नसते, आणि किंमत पडते ती त्या खात्रीची.

परभणीत आम्ही काही मित्र हंगाम सुरू झाला की कबड्डीचा एक कागदी खेळ खेळतो. प्रत्येकाला शंभर गुणांची कल्पित थैली. त्यात सात गडी बसवायचे आणि प्रत्यक्ष सामन्यात ते जे कमावतील ते आपल्या खात्यावर मांडायचं. नावाजलेले दोन चढाईपटू घेतले की थैली आटते, म्हणून सगळा कस लागतो तो स्वस्त मिळणारा चांगला गडी हेरण्यात. आमच्यात पैसा लागत नाही. फोनवर हाच खेळ पैसे लावून चालत होता, तो ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून बंद केला. मला त्याचं मनापासून समाधान वाटलं. सोयाबीनची पट्टी हातात येते तेव्हा त्यावर आधीच कितीजणांचा हक्क लागलेला असतो, हे या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि पैसा लागला की माणसाला गडी दिसेनासा होतो, नुसता आकडा दिसतो.

सिद्धार्थ देसाईचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी हे त्याचं गाव. २०१८च्या सहाव्या हंगामासाठी यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतलं. रक्कम लहान नव्हे, पण त्याच लिलावात मोनू गोयतवर १.५१ कोटींची बोली लागली होती आणि यू मुंबानेच इराणच्या फझल अत्राचलीसाठी एक कोटी मोजले होते. सिद्धार्थने त्या हंगामात चढायांचे दोनशेहून जास्त गुण घेतले. अंगावर तीन-तीन पकडपटू घेऊन मध्यरेषेकडे हात टाकणारा तो दांडगा पोरगा ज्यांनी तेव्हा पाहिला, ते त्याला विसरले नसतील. पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी दिले. आठव्या हंगामात १.३० कोटी. मग खांदा दुखावला, हंगाम थोडक्यात संपला, आणि नवव्या हंगामात त्याच संघाने त्याच सिद्धार्थला २० लाखांत घेतलं. दहाव्या हंगामात हरियाणा स्टीलर्सने पुन्हा एक कोटी मोजले. अकराव्यात दबंग दिल्लीने २६ लाख.

ही सगळी उलथापालथ सहा लिलावांतली. माणूस तोच, उंची तीच, पाय तेच. दुखावलेल्या खांद्याचं वजा केलं तरी वीस लाख आणि एक कोटी यांतलं अंतर एका शरीरात बसत नाही. ते अंतर बघणाऱ्यांच्या मनात असतं. गेल्या हंगामाची भीती नाही तर गेल्या हंगामाची भुरळ, या दोन्हींतून बोली सुटत नाही. स्वस्त गडी मिळतो तो याच फटीतून.

मग तो हेरायचा कसा? आमच्यातले बहुतेकजण गुणांचा तक्ता बघतात. मी चढाया मोजतो. सामन्यात वीस चढाया करून आठ गुण घेणारा आणि सातच चढायांत पाच गुण घेणारा, यांत तक्ता पहिल्याला वर ठेवतो. पण दुसऱ्याला आणखी दहा चढाया मिळाल्या तर काय होईल, हा खरा प्रश्न. त्यातही तो कोणत्या चढाया करतो ते बघावं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. अनेक संघ आपला मुख्य गडी वाचवायला या तिसऱ्या चढाईत दुय्यम पोराला पाठवतात. समोर सात सावध पकडपटू, हातात तीस सेकंद, परत फिरायची मुभा नाही. तिथून तो दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गुण घेऊन येत असेल, तर तक्त्यात त्याचं नाव कितीही खाली असो, मी त्याला घेतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी धरत नाही. चढाईपटू बाद झाला की बाहेर जाऊन बसतो, आणि त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला की क्रमाने गडी आत येतात. म्हणजे तो किती वेळ मैदानावर राहील हे त्याच्या कोपरारक्षकांच्या पकडींवरही ठरतं. घोटा धरून बसणारा एखादा चिवट कोपरारक्षक चढाईपटूला पाच-सहा चढाया जास्तीच्या मिळवून देतो. त्या गुणांपुढे त्याचं नाव कुणी लिहीत नाही. चांगला पण दुबळ्या बचावाच्या संघात सापडलेला चढाईपटू आयुष्यभर ‘ठीक आहे’ या शेऱ्यावर राहू शकतो. असे गडी मी पाहिले आहेत आणि संघ बदलल्यावर ते कसे फुलतात तेही पाहिलं आहे.

कधी दुसऱ्याच्या दुखापतीतून दार उघडतं. नवव्या हंगामात, २०२२ साली, तमिळ थलाइवाजने पवन सेहरावतवर २.२६ कोटी खर्च केले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. सगळी रचना ज्याच्याभोवती केली तोच नाही. त्या पोकळीत नरेंदर कंडोला नावाचा पहिलाच हंगाम खेळणारा पोरगा उभा राहिला. त्याने अडीचशेच्या आसपास गुण घेतले आणि थलाइवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले. पवन धडधाकट असता तर नरेंदरला इतक्या चढाया मिळाल्या नसत्या. त्याची कुवत मात्र पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्रीही तेवढीच होती.

असले कागदी संघ बांधायची रीत अमेरिकेतली. ओकलंडच्या रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक यांनी १९६२ साली सोबत्यांबरोबर तिची आखणी केली. तिथल्या फुटबॉलमध्ये रनिंग बॅक नावाची एक जागा असते. तो चेंडू छातीशी धरून आडव्या येणाऱ्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसतो. आपल्या चढाईपटूचा तो भाऊच. त्यालाही वाट करून देणारे पुढचे पाच जण असतात आणि त्यांचंही नाव कुणी घेत नाही. एरियन फॉस्टर या रनिंग बॅकला नव्या खेळाडूंच्या २००९च्या निवडीत एकाही संघाने घेतलं नाही. तरी निवडीबाहेरून आत येऊन २०१० साली धावून सर्वांत जास्त यार्ड मिळवले ते त्यानेच, १,६१६. ज्यांनी त्याला आपल्या कागदी संघात शेवटी-शेवटी उचलून ठेवलं होतं त्यांचा आनंद मला इथे बसून कळतो. पण त्यापुढची गोष्ट मला अस्वस्थ करते. २०१३मध्ये फँटेक्स नावाच्या कंपनीने फॉस्टरच्या कमाईतला वीस टक्के वाटा एक कोटी डॉलरला घेऊन त्यावर शेअर विकायचं ठरवलं. काही आठवड्यांत त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि विक्री लांबणीवर पडली. २०१६मध्ये, तिशीत, तो निवृत्त झाला. दहा वर्षंही धड साथ मिळू नये अशा कामाला जे शरीर जुंपलं जातं, त्याची किंमत ठरवायला माणसं किती घाई करतात!

फॉस्टरसारखं कमी लेखलं जाणं आमच्या जिल्ह्यालाही नवं नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही ठासून म्हणतो ते उगाच नाही. इथल्या कृषी विद्यापीठाने १९८५च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ ही भेंडी दिली. हळद्या रोगाने भेंडीचे मळेच्या मळे जात होते तेव्हा शास्त्रज्ञांनी ‘पुसा सावनी’ या नावाजलेल्या जातीचा संकर एका जंगली भेंडीशी केला. जिला बाजारात कुणी हात लावला नसता तिच्यातच रोगाशी झुंजायचा गुण होता. ‘परभणी क्रांती’ पुढे देशभर पेरली गेली. याच परभणीची ज्योती गवते २०१७च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. तिचं नाव इथल्या किती शाळकरी पोरींना माहीत आहे, हे मी अधूनमधून विचारून बघतो. उत्तरं ऐकून वाईट वाटतं.

कबड्डी आमच्याकडे मातीची. जत्रेत, शिवजयंतीला मैदान आखतात, पाणी मारून माती दाबतात, फक्कीने रेषा ओढतात, बल्ब टांगतात. वजनी गटाचे सामने असले की काट्यापुढे रांग लागते. लाउडस्पीकरवरून कुणी पाटील, कुणी दुकानदार एकेका चढाईवर बक्षीस लावतो. असाच गंगाखेडकडच्या एका गावात मी एक पोरगा पाहिला. सडसडीत, डाव्या बाजूने येणारा. पायाचा पंजा जमिनीला लागतो न लागतो तोच कोपऱ्यातल्या गड्याला बोट लावून तो मागे फिरलेला असायचा. तिसऱ्या चढाईलाही त्याच्या चेहऱ्यावर घाई नसे. पुढल्या हिवाळ्यात त्याच गावच्या संघात तो दिसला नाही म्हणून चौकशी केली. घरच्यांबरोबर कोयत्याला गेला होता, पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यावर. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडल्याशिवाय परत यायचं नाही. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि गाळप संपेतो फड सुटत नाही.

म्हणजे ज्या महिन्यांत गावोगाव मैदानं आखली जातात, निवड चाचण्या होतात, कुणी जाणता प्रशिक्षक बघायला येण्याची शक्यता असते, नेमक्या त्या महिन्यांत हा पोरगा उसाच्या फडात मोळ्या बांधत असतो. त्याच्या शरीरावर आजवर एकच बोली लागली आहे, मुकादमाची. गंगाखेड, सोनपेठ, पालम या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ आहेत. सिद्धार्थचं निदान लिलावाच्या यादीत नाव होतं, नवव्या हंगामात भाव पडला तेव्हाही कुणीतरी त्याचं नाव पुकारलं. याचं नाव पुकारणारंच कुणी नाही. कमी किंमत आणि किंमतच नसणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि आमच्या कागदी खेळातली सगळी हुशारी त्या अंतराच्या अलीकडेच संपते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार गरीब घरातूनच वर आला. पुणेरी पलटणने त्याला कोवळेपणी घेतलं, सांभाळलं, कर्णधार केलं, आणि १ मार्च २०२४ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ असं हरवून त्याने चषक उचलला. त्याआधी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. अस्लमजवळ गुण होतेच. पण ते कुणीतरी वेळेवर पाहिले. वेळेवर पाहणं ही व्यवस्था करता येण्यासारखी गोष्ट आहे.

म्हणून माझं एक साधं म्हणणं आहे, आणि तालमी चालवणाऱ्या, संघ बांधणाऱ्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी ते सांगतो. जिल्ह्यातल्या किशोर आणि कुमार पोरांची एक चाचणी पोळ्याच्या सुमारास घ्या. तेव्हा टोळ्या निघालेल्या नसतात, तांड्यावरची, वस्तीवरची सगळी घरं गावात असतात. काळी माती चिखलाची असते हे खरं, पण एखाद्या शाळेच्या सभागृहात मॅट टाकून सामने होतात. तिथे वजनकाटा ठेवा, चढाया मोजणारा एक माणूस बसवा, आणि पोराचं नाव लिहिताना बापाचा फोन नंबर आणि टोळी कोणत्या कारखान्यावर जाते तेही लिहून घ्या, म्हणजे निवड झाली तर त्याला कुठून बोलवायचं ते कळेल. चढाया मोजायला मी येतो.