आखडलेला खांदा

चाळिशी उलटलेल्या माणसाचा खांदा एके दिवशी काही निमित्त नसता दुखू लागतो आणि घरातील वडीलधारी मंडळी 'वाताचा विकार आहे, जाईल' असे सांगून मोकळी होतात. दुखणे मात्र जात नाही. तीनचार महिन्यांत हात वर जाईनासा होतो. सदरा चढविणे, वेणी घालणे, फडताळावरील डबा काढणे या साध्या गोष्टी दुर्घट होऊन बसतात. रात्री त्या कुशीवर वळताच झोप उडते. अमेरिकेतील शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ साली या विकाराला 'फ्रोझन शोल्डर' म्हणजे गोठलेला खांदा असे नाव दिले. आपल्याकडील 'आखडलेला' हा शब्द आम्हांस अधिक समर्पक वाटतो, कारण येथे खरोखर काहीतरी आखडलेलेच असते. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ वेष्टन असते. ते प्रथम सुजते, मग जाड होऊन आकसते. म्हणून आधी वेदना, नंतर ताठरपणा आणि शेवटी सावकाश सुटका, असा हा क्रम एक ते तीन वर्षे चालतो.

आम्ही पेशाने शिक्षक, त्यात मधुमेही. मधुमेह असणाऱ्यांना हा विकार इतरांहून पुष्कळ अधिक प्रमाणात जडतो, हे आम्हांस आमचा उजवा हात फळ्याच्या वरच्या भागापर्यंत पोहोचेनासा झाला तेव्हा कळले. गुरुजींच्या ओळी दिवसेंदिवस खाली उतरत आहेत, हे मुलांनी आमच्याही आधी हेरले होते!

डॉक्टरांनी आमचे कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूस वळवून पाहिला. त्यांनाही तो वळविता येईना. हीच या रोगाची खूण. स्वतःस हात उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर सहज जातो, असे असेल तर बहुधा स्नायूचा दोर तुटलेला असतो आणि तो निराळा विकार होय. मग सांध्याची झीज नाही ना, याची एक्सरे काढून खात्री करून घेतली.

येथून पुढे सल्ल्यांचा पाऊस. बाजारच्या गावी एक गृहस्थ हात ओढून 'मोकळा' करतात, त्यांच्याकडे चला, असा शेजाऱ्यांचा आग्रह. शहरातील एका तज्ज्ञांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचविली. तिचा खर्च ऐकून घरात दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले असते.

ओढाओढीविषयी हॉलंडमधील ७७ रुग्णांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला आहे. वेदनेच्या मर्यादेतच हात हलवून बाकी निसर्गावर सोपविलेल्यांपैकी १०० मागे ८९ जणांचा खांदा दोन वर्षांत जवळजवळ पूर्ववत झाला. वेदना सोसून जोराने ताणलेल्यांपैकी ६३ जणांचाच. शेजाऱ्यांना आम्ही एवढेच सांगितले.

शस्त्रक्रियेचा निर्णय अधिक कठीण होता. इंग्लंड व आसपासच्या भागातील ३५ रुग्णालयांनी ५०३ रुग्णांवर तीन उपचारांची तुलना केली व २०२० साली निष्कर्ष जाहीर केले. पहिल्या गटास सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन व व्यायाम. दुसऱ्यास भूल देऊन डॉक्टरांनी हात हलवून सांधा सोडविणे. तिसऱ्यास दुर्बिणीतून वेष्टन कापणे. वर्षअखेरीस तिन्ही गटांत लक्षात घ्यावा असा फरक उरला नाही. गंभीर उपद्रव एकंदर १०, त्यांपैकी ८ शस्त्रक्रियेच्या गटात, आणि खर्चही तिचाच सर्वांत जास्त. इंजेक्शनच्या गटातील अधिक लोकांना पुढे आणखी उपचार घ्यावे लागले, हेही खरे. तथापि ती वाट आधी चालून पाहिली तरी पुढच्या दोन्ही खुल्याच राहतात, असे आम्ही ठरविले.

इंजेक्शनने पहिल्या काही आठवड्यांत वेदना झपाट्याने उतरली. विकार नवा असताना त्याचा गुण अधिक येतो. मात्र मधुमेह्यांनी ध्यानात ठेवावे की त्यानंतर काही दिवस साखर चढते. आमची चढली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या बदलाव्या लागल्या. वेदना उतरल्यावर व्यायाम: वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलविणे, भिंतीवर बोटांनी वर वर चढणे. दिवसातून तीनचार वेळा, पाचपाच मिनिटे. अत्यंत कंटाळवाणा प्रकार! दहा महिन्यांनी हात डोक्यावर जाऊ लागला. पाठीमागे मात्र अद्याप पुरता जात नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचा डावा खांदा यंदा आखडला आहे. त्यांची साखर फार वाढलेली असल्याने डॉक्टरांनी इंजेक्शन तूर्त लांबविले आहे. आधी साखर आटोक्यात आणायची, तोवर शेक आणि हलका व्यायाम; भातलावणीला यंदा त्यांच्याऐवजी सून जाणार आहे.