चार रकान्यांतला नाच

०१००, मग ००००, मग १०००, मग ०००१. संगणकातल्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नाच असा लिहून ठेवलेला असतो. एका ओळीत चार अंक, आणि प्रत्येक अंक पायाखालच्या एका पट्टीचा: पहिला डावीचा, दुसरा मागचीचा, तिसरा पुढचीचा, चौथा उजवीचा. शून्य म्हणजे पाय नाही, एक म्हणजे पाय. दोन म्हणजे पाय टेकवून तसाच धरायचा, तीन म्हणजे आता उचलायचा. चार ठोक्यांचा खंड संपला की स्वल्पविराम. स्टेपमेनिया नावाचा एक मोफत खेळ आहे, त्याची ही लिपी. एवढ्याशा सामग्रीवर जगभरच्या असंख्य गाण्यांचे नाच लिहिले गेले आहेत, आणि लिहिणारे बहुतेक नृत्यदिग्दर्शक नव्हेत, खेळता खेळता लिहू लागलेली पोरं आहेत. या ओळींकडे पाहिलं की मनात प्रश्न अडकून बसतो: नाचातलं एवढं सगळं गाळून टाकल्यावर, उरलेल्याला नाच म्हणायचं का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि ते तेलंगणातल्या इंद्रवेल्लीच्या दंडारी या गोंडांच्या नाचाशी ताडून पाहिल्याशिवाय पुरतं सांगता येत नाही.

ज्या यंत्रामुळे ही लिपी जन्मली ते जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली बाजारात आणलं: डान्स डान्स रेव्होल्यूशन. समोर पडदा, पायाखाली धातूचा चौथरा, चौथऱ्यावर बाणांच्या चार पट्ट्या, पाठीशी धरायला एक दांडा. गाणं सुरू झालं की पडद्याच्या तळातून बाण वर सरकू लागतात. वरच्या कडेला चार पोकळ बाण स्थिर असतात. सरकता बाण पोकळ बाणात नेमका बसेल त्या क्षणी तीच पट्टी पायाने दाबायची. दर पावलाला लगेच निकाल लागतो: परफेक्ट, ग्रेट, गुड, बू, मिस. सलग चांगली पावलं पडली तर त्यांची साखळी मोजली जाते, चुका साचल्या तर वरची जीवनपट्टी ओसरते आणि सुमारे दीड मिनिटाचं गाणंही पुरतं वाजत नाही. पुढच्या काळात या खेळात भर पडत गेली. २००१ च्या आवृत्तीत लांब शेपटीचे फ्रीझ बाण आले. त्यांवर पाय रोवून शेपूट संपेपर्यंत थांबायचं. २००८ मध्ये शॉक बाण आले. ते वर पोचतील त्या क्षणी कुठल्याच पट्टीवर पाऊल पडता कामा नये. मला या सगळ्या भरीत हा बाण सर्वांत आवडतो. पाऊल न टाकण्यालाही ताल असतो, हे यंत्राला दहा वर्षांनी उमगलं. तरीही त्याला मुळात कळतं ते एवढंच: कुठल्या पट्टीवर वजन आलं आणि केव्हा आलं. ते वजन डाव्या पायाचं की उजव्या, टाचेचं की गुडघ्याचं, हे त्याला कळत नाही. हात, मान, कंबर, चेहरा यांची तर त्याला वार्ताही नाही.

हे अज्ञान मला यंत्राची उणीव वाटत नाही. मोजणारा जितकं कमी मोजतो तितका नाच मोकळा राहतो. अट एकच, जे मोजायचं ते काटेकोर मोजावं. पुरावा खेळातच आहे. डावा, मागचा, उजवा असे तीन बाण ओळीने आले आणि पाय आळीपाळीने टाकायचे ठरवलं, तर तिसऱ्या पावलाला डावा पाय शरीर ओलांडून उजव्या पट्टीवर जातो. कंबर वळते, खांदे वळतात, चेहरा मात्र पडद्याकडेच राहतो. फाइलमध्ये कंबरेसाठी रकाना नाही, तरी लिहिणाऱ्याने कंबर वळवून घेतलेली असते. आणि जे कोणीच मागितलेलं नाही तेही खेळणाऱ्यांनी दिलं. पडद्याकडे पाठ करून नाचणं, गिरकी घेऊन पट्टीवर उतरणं, खाली बसून तळहाताने बाण मारणं, असे स्वतःचे नाच त्यांनी बसवले. त्यांच्या स्पर्धा झाल्या, तिथे गुण यंत्राने दिले नाहीत, माणसांनी दिले. आता उलटा दाखला. २०१० साली आलेला डान्स सेंट्रल हा खेळ कॅमेऱ्याने सगळं शरीर पाहतो. पडद्यावरची आकृती जसा हात वर करेल तसाच हात वर करायचा, जशी झुकेल तसंच झुकायचं. तो शिकवतो चांगलं, पण त्याच्यासमोर दहा जण उभे केले तर दहाही जणांनी एकसारखं दिसावं अशीच त्याची मागणी असते. जास्त पाहणाऱ्या यंत्राने नाचणाऱ्याला जागा कमी ठेवली.

यावर पहिला आक्षेप खेळाच्या आतूनच येतो, आणि तो खोटा नाही. सर्वाधिक गुण मिळवणारे खेळाडू मागचा दांडा घट्ट धरतात, सगळा भार त्यावर टाकतात आणि पाय पट्टीच्या पृष्ठभागालगत कसेबसे हलवतात. शक्ती वाचते, बाण चुकत नाहीत, आणि पाहणाऱ्याला नाचाचा मागमूसही दिसत नाही. मोजणी सुरू झाली की माणूस मोजलं जाईल तेवढंच करू लागतो, असं हे सांगणं आहे. ते गुणतक्त्याच्या टोकाला खरं आहे. पण दांडा धरणाऱ्याला यंत्राने ते करायला सांगितलेलं नाही, आणि दांडा सोडून नाचणाऱ्याला त्याने अडवलेलंही नाही. मोकळ्या सोडलेल्या जागेत कोणी काही केलं नाही, म्हणून ती जागा नव्हती असं होत नाही. मोकळी जागा मोकळी ठेवून भागत नाही, तिथे कोणाला तरी उभं करावं लागतं, एवढं मात्र यातून शिकायला मिळतं. यंत्राला ते जमलं नाही. दंडारीला फार पूर्वीच जमलेलं आहे.

इंद्रवेल्लीचं नाव बाहेरच्या जगात दोन कारणांनी निघतं. एक, २० एप्रिल १९८१ रोजी तिथे जमलेल्या गोंड आदिवासींवर झालेला पोलीस गोळीबार आणि त्याचा स्मृतिस्तंभ. दुसरं, याच मंडलातल्या केसलापूरची नागोबाची जत्रा, जिथे पुष्य अमावास्येला मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचं पाणी घेऊन पायी येतात. तिसरं कारण दिवाळीच्या दिवसांत आदिलाबादच्या सगळ्या गोंड पट्ट्यात, आणि सीमेपलीकडे किनवटकडेही, ऐकू येतं, ते दंडारीचं. एका गावचं पथक दुसऱ्या गावी पाहुणं म्हणून जातं, यजमान गाव त्यांना जेवू घालतं, मुक्काम होतो, रात्र नाचात जाते. सोयरिकी जुळतात, जुन्या घट्ट होतात. नाचाची रचना पाहण्यासारखी आहे. दंडारीचे नाचे जोडीजोडीने वर्तुळात फिरतात, हातात आखूड काठ्या, काठीवर काठी ठोक्याला पडली पाहिजे. एकाची काठी उशिरा आली तर ती समोरच्याच्या काठीला भेटत नाही. चूक तिथेच, सगळ्यांदेखत ऐकू येते. हा झाला मोजलेला भाग, आणि त्याचा निकाल कुठल्याही यंत्राइतकाच तत्काळ लागतो. या वर्तुळात घुसाडी शिरतो. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, अंगाला राख, खांद्यावरून कातडं, हातात दांडका, कंबरेला घुंगरं. त्याच्यावर जोडी सांभाळण्याची सक्ती नाही. तो मध्येच उसळतो, थबकतो, पाहणाऱ्यांच्या अंगावर धावून जातो, थट्टा करतो, पुन्हा तालात येतो. वर्तुळ काटेकोर आहे म्हणून त्याची मोकळीक दिसते, आणि तो मोकळा आहे म्हणून वर्तुळाचा काटेकोरपणा रुक्ष होत नाही. नाचाचे हे दोन भाग एकाच अंगात कोंबण्याऐवजी गोंडांनी ते वेगवेगळ्या माणसांना वाटून दिले. मला ही फार थोर कल्पना वाटते. घुसाडीला पद्मश्री मिळवून देणारे मर्लवाईचे कनक राजू यांची आठवण इथे ठेवायला हवी: २०२१ साली त्यांना तो सन्मान जाहीर झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले, आणि साऱ्या आयुष्यात त्यांनी पोरांना हा नाच शिकवला. याच मर्लवाईत १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ राहिले, आणि १९४८ साली छापलेल्या त्यांच्या ग्रंथामुळे आदिलाबादचे राजगोंड जगाच्या अभ्यासकांना माहीत झाले. त्या अभ्यासातली एक गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये अशी आहे. गोंडांचे कुळगायक परधान, ज्यांच्या हातात किंगरी आणि तोंडाला पेपरे असतं, ते इथे घरी मराठी बोलतात आणि गोंडांच्या देवांच्या कथा गोंडीत गातात. आपली भाषा बोलणारा माणूस दुसऱ्या भाषेतला सगळा पुराणसंग्रह कंठात सांभाळतो, आणि त्याच्या फुंकीवर शेकडो पाय हलतात.

आणि यंत्राची खरी उणीव मला इथे सापडते. ती कमी पाहण्यात नाही, न ऐकण्यात आहे. पहिल्या यंत्रात स्माइल डीके या स्वीडिश जोडीचं ‘बटरफ्लाय’ हे गाणं होतं, मिनिटाला १३५ ठोक्यांचं. ते तेव्हाही १३५ ने धावलं, आजही १३५ नेच धावतं. समोरचा दमला, रंगात आला, अडखळला, तरी गाणं आपलं तेच. दंडारीत ढोल वाजवणारा पायांकडे पाहतो. वर्तुळ लयीत स्थिरावलं की चढवतो, म्हातारी माणसं आत आली की हात जरा आवरतो, घुसाडी उसळला की ठोका त्याच्या पायाखाली नेऊन ठेवतो. नाचणारा वादकाला ऐकतो आणि वादक नाचणाऱ्याला पाहतो. यंत्रातला रस्ता एकेरीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घुसाडी हे व्रत आहे. त्या दिवसांत तो माणूस अंघोळ करत नाही, नेम पाळतो, त्याच्या अंगी देव आहे असं गाव मानतं आणि त्याच्या स्पर्शाने बरं वाटेल या श्रद्धेने दुखणाईत पुढे येतात. नाणं टाकून चालू होणाऱ्या यंत्राशेजारी त्याला उभं करणं अनादराचं नाही का? दोन्हींची किंमत एक आहे असं मी म्हटलं असतं तर तसं झालं असतं. मी रचनेबद्दल बोलत आहे, पावित्र्याबद्दल नाही. उलट प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात किंवा मंत्र्यांच्या स्वागताला घुसाडीला पाच मिनिटं नाचवून परत पाठवणं, हे मला जास्त खटकतं. तिथे वर्तुळ नसतं, पाहुणचार नसतो, रात्र नसते. उरतो तो फक्त टोप, फोटोपुरता.

म्हणून या चार रकान्यांकडे मी आशेने पाहतो. नाच लिहून ठेवण्याचे प्रयत्न जुने आहेत. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत शरीराचा जवळजवळ प्रत्येक अवयव कागदावर येतो, आणि ती वाचायला वर्षं घालवावी लागतात. चार अंकांची ओळ दहा वर्षांचं पोर एका दुपारी वाचायला शिकतं, कारण तिने जवळजवळ सगळंच सोडून दिलेलं आहे. दंडारीचं वर्तुळ असं लिहिता येईल: पाय चार रकान्यांत, हवं तर काठीसाठी आणखी दोन. घुसाडीसाठी रकाना ठेवूच नये. तिसरा आक्षेप असा येईल की लिहिलं की गोठतं, आणि ज्यांची परंपरा कंठात जगली त्यांना कागदाची गरज नाही. पण या मुलखाला कागद परका नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्याच गुंजाळा गावात गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखितं सापडली, आणि २०१८ साली त्या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. गाणारे होते म्हणून कोणी लिहायचं थांबलं नव्हतं, आणि लिहिलं म्हणून गाणारे गप्प झाले नाहीत. गोठण्याची भीती एका ठिकाणी खरी आहे, ती गतीची. त्यावरही या लिपीत सोय आहे. फाइलच्या माथ्यावर गतीची एक ओळ असते आणि तिच्यात कितव्या ठोक्याला वेग किती झाला, हे हवं तितक्या वेळा लिहिता येतं. एकाच गावच्या दंडारीची सलग दोन रात्री नोंद केली तर पावलांचे रकाने बहुधा सारखे निघतील आणि गतीची ओळ दोन्हींत वेगळी निघेल, कारण ती त्या रात्रीच्या वादकाने त्या रात्रीच्या पायांकडे पाहून घडवलेली असेल. त्या दोन्ही फाइली ठेवाव्यात, त्यांतली एक प्रमाण ठरवू नये. आणि याच माथ्यावर, नाच कोणी रचला ते लिहायला जी जागा असते, तिथे टंकणाऱ्याचं नाव न घालता आधी त्या रात्री पेपरे फुंकणाऱ्या परधानाचं आणि ढोल वाजवणाऱ्याचं नाव घालावं, त्यांना विचारून.