डिंभ्याच्या पलीकडची शाळा

घोडेगाव मागे टाकून रस्ता पश्चिमेकडे निघाला, की घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय दिसू लागतो. जुन्नर-आंबेगावच्या बाजारपेठा आपल्या व्यापारी कुटुंबांना परिचित आहेत. परंतु ज्या डोंगरांतून हिरडा बाजारात येतो, ते पाहण्याचा योग क्वचितच येतो. गतवर्षी श्रावणात तो मला लाभला.

तेथे महादेव कोळी समाजाच्या एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, १४ मुले. त्या दिवशी एक गुरुजी तालुक्याला बैठकीस गेले होते, म्हणून चारही इयत्ता एकत्र बसल्या होत्या. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन गुरुजी तिसरीचा भागाकार घेत होते. चौथीतील एक मुलगी सुके हिरडे मांडून धाकट्या भावाला बेरीज शिकवीत होती. अमेरिकेतील आमिश समाजाच्या एकखोली शाळांतही आठ इयत्ता अशाच शेजारी शेजारी शिकतात. तेथे लहान पट ही उणीव मानली जात नाही.

शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी. मात्र २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले. त्यामागील विचार अगदीच चुकीचा नाही. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक, ग्रंथालय आणि बरोबरीचे सवंगडी मिळतात. परंतु पटावर वाट दिसत नाही. एक आजी म्हणाल्या, “साहेब, शाळा खाली गेली तर पावसात पोरगं वढा कसं वलांडंल?”

मला उत्तर देता आले नाही. नोकरीत असताना एक लहान ग्रामीण शाखा तोट्यात असल्याने बंद करावी, अशी शिफारस मी केली होती. आकडे बिनचूक होते. निवृत्तिवेतनासाठी दुसऱ्या गावी पायी जाणाऱ्या वृद्धांसाठी मात्र त्या अहवालात रकाना नव्हता, आणि मीही तो वाढविला नाही.

परतताना ओढ्याला गुडघाभर पाणी होते. गुडघा माझा, पहिलीतल्या मुलाच्या ते जवळजवळ कमरेपर्यंत आले असते.